ब्रेन कॅरिअर, एकास सहा : कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

शॉप गुरुवारपर्यंत बंद. हात रिकामे आणि डोकं भलतीकडे. वरच्या मजल्यावरचे सुभेदारसाहेब फराळाला आले होते. त्यांची सगळी नोकरी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीत झाली. चकली मोडता मोडता त्यांनी प्रेमिंद्रसिंग भगत यांची गोष्ट काढली. १९४१ साल, अबिसीनिया (आजचा इथिओपिया), रस्त्यात पेरलेले सुरुंग, कॅरिअर उडाला, पुन्हा उडाला. मी ही गोष्ट दहा-पंधरा वेळा तरी ऐकली असेन. आज पहिल्यांदाच मध्ये तोंड घातलं, "साहेब, हे कॅरिअर कॅरिअर म्हणता, ती गाडी होती तरी कशी?"

त्यांनी दोन्ही हात ताटावर चौकोनी धरले. "अरे, बिनझाकणाचा डबा. खाली पट्टे. बस."

मी भोसरीत इलेक्ट्रिक पॅनलचे डबे करतो. सव्वीस वर्षं पत्रा कापणं, वाकवणं, भोकं पाडणं हाच धंदा. डबा म्हटल्यावर कान टवकारणारच. रात्री पोरीच्या लॅपटॉपवर फोटो बघत बसलो. बाहेरून ओबडधोबड, सगळ्या सरळ रेषा, एकही गोल वळण नाही. मनात म्हटलं, हा आपल्याला जमेल.

४ नोव्हेंबर

मॉडेलसाठी एकास सहा हे माप ठरवलं. खरी गाडी सुमारे १२ फूट लांब, पावणेसात फूट रुंद, पाच फुटांहून दोन इंच उंच. म्हणजे आपली ६१ सेंटिमीटर लांब, ३४ रुंद, २६ उंच. टेबलावर मावते. खरीचं वजन सामानासकट पावणेचार टनांच्या आसपास. पोरगी म्हणाली, "बाबा, वजनाला सहाने भागू नका, सहाचा घन करा." २१६ ने भागलं, साडेसतरा किलो आले. चालणारं करायचं आहे, शोकेसमधलं नको. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कंटाळा आला तर पळवाट राहणार नाही.

१० नोव्हेंबर

आठवडाभर रात्री वाचन. नावांचा घोळ आधी निस्तरला. सगळे सरसकट "ब्रेन गन कॅरिअर" म्हणतात, पण सुरुवातीला वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे कॅरिअर होते : मशीनगनचा निराळा, ब्रेनचा निराळा, टेहळणीचा निराळा, घोडदळाच्या माणसांना नेणारा निराळा. १९४० मध्ये ब्रिटिशांनी ही खिचडी बंद केली आणि एकच सांगाडा सगळ्यांना चालवला. त्याचं नाव युनिव्हर्सल कॅरिअर. तोवर जुनं नाव सैनिकांच्या तोंडात बसलं होतं, ते गेलं नाही.

ब्रेन ही हलकी मशीनगन. मूळ चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरची, ब्रिटनमध्ये एनफिल्डच्या कारखान्यात केली. ब्रनोचं ब्र आणि एनफिल्डचं एन जोडून ब्रेन. आपल्या फौजेत तिचीच पुढची भावंडं एलएमजी म्हणून कितीतरी वर्षं होती. सुभेदारसाहेबांनी ती वापरली आहे. वरून बसवायचं वाकडं मॅगझिन मला हाताने हवेत काढून दाखवलं.

१९३४ ते १९६० या काळात ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका मिळून सुमारे १,१३,००० कॅरिअर निघाले. चिलखती गाड्यांत एवढ्या संख्येने दुसरी कुठलीच झालेली नाही. रणगाड्यांची नावं पोरांनाही पाठ असतात, याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. टेम्पोचं नाव कोण लक्षात ठेवतं?

१७ नोव्हेंबर

पत्रा ठरवताना मजा झाली. खऱ्या गाडीचं चिलखत ७ ते १० मिलिमीटर. सहाने भागलं तर १.२ ते १.६. म्हणजे १८ गेज आणि १६ गेज! आमच्या पॅनलच्या डब्याला रोज लागतो तोच पत्रा. समोरची ताटं १६ गेजची आणि बाजू १८ गेजच्या घेतल्या, तर चिलखतसुद्धा मापातच बसतं. शॉपमधल्या कातरणातून निम्मा माल निघाला.

दहा मिलिमीटर म्हणजे किती, हे मला हातानेच कळतं. आम्ही मशीनच्या पायाखाली बेसप्लेट देतो ती तेवढी असते. रायफलची गोळी आणि तोफगोळ्याचे कपचे अडवायला ती पुरते. त्याहून जड काही आलं, तर आतल्या माणसाचं काही खरं नाही.

२४ नोव्हेंबर

तळ आणि बाजू बेंडिंग मशीनवर वाकवल्या. पुढचा भाग फसवा आहे. ड्रायव्हर उजवीकडे, गनर डावीकडे, आणि गनरच्या बाजूचा डबा ड्रायव्हरपेक्षा पुढे आलेला, कारण तिथून ब्रेन किंवा बॉइजची टँकविरोधी रायफल बाहेर काढायची असते. फोटोत तो उजवा-डावा पटकन कळत नाही. पहिला पीस आरशातल्यासारखा उलटा वाकवला. भंगारात.

१ डिसेंबर

आतल्या मांडणीवर डोकं खपवलं. फोर्डचं व्ही-८ पेट्रोल इंजिन, ८५ हॉर्सपॉवर, गाडीच्या मागच्या भागात बरोबर मधोमध. त्यावर पेटीसारखं झाकण, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अरुंद कप्प्यांत माणसं. मागच्या माणसाच्या मांडीला मांडी लावून इंजिन बसलेलं. इथून ताकद मागे जाते, डिफरन्शिअलमधून (ताकद दोन्हीकडे वाटणारी गिअरपेटी) दोन बाजूंच्या दातेरी चाकांना. रस्त्यावर ताशी ४८ किलोमीटर पळायची. फोर्डचे ट्रक जिथे दुरुस्त होत, तिथे हेही इंजिन उघडता येई. हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. आमच्याकडेही परदेशी मशीन येतात, एक बेअरिंग गेलं की दोन महिने ताडपत्रीखाली.

ही कल्पना कुठून आली हे वाचताना एक गमतीची गोष्ट मिळाली. १९२५ मध्ये मार्टेल नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने एका माणसापुरता चिमुकला रणगाडा स्वतःच्या घरच्या गॅरेजमध्ये बनवला. ते बघून सर जॉन कार्डन आणि व्हिव्हियन लॉइड या जोडीने तसल्याच गाड्या करायला घेतल्या. १९२८ मध्ये विकर्सने त्यांची कंपनीच विकत घेतली, आणि त्यांच्या टँकेटांच्या, म्हणजे या चिमुकल्या रणगाड्यांच्या वंशात पुढे कॅरिअर जन्माला आला. कार्डन डिसेंबर १९३५ मध्ये विमान अपघातात गेले. लाखभर कॅरिअर पुढे झाले, ते त्यांनी पाहिले नाहीत.

हे बायकोला सांगितलं, विशेषतः गॅरेजचा भाग. ती म्हणाली, "त्याला गॅरेज तरी होतं. तुम्ही माझ्या पाठच्या गॅलरीत पसारा मांडलाय."

८ डिसेंबर

पट्टे. इथेच पाणी जोखलं जाणार, हे ठाऊक होतं.

खऱ्या गाडीचे दुवे लहान, पावणेदोन इंची. सहाव्या हिश्शाने साडेसात मिलिमीटर येतात. एवढा बारीक दुवा पत्र्यातून काढणं म्हणजे वेड लागायचं काम. पोरीने नायलॉनमध्ये प्रिंट करून दिले, साडेतीनशेवर. पिनांना एक मिलिमीटरची पियानो वायर. दुव्याला भोक एकचं, पिन एकची. धंद्याची सवय, फिट म्हणजे फिट. रात्री अकरा वाजता डावा पट्टा जोडून पुरा झाला. हातात धरला, मनगटी घड्याळाच्या पट्ट्यासारखा लवतो, छान गुंडाळतो. आडवा वाकवून पाहिला तर लाकडाची फळी.

मग पोटात गोळा आला. या गाडीच्या वळण्याचं सगळं मर्म पट्टा आडवा वाकण्यात आहे.

१० डिसेंबर

शॉपला ऑर्डर आली. पंधरा दिवस कॅरिअर बंद.

२२ डिसेंबर

रविवार. अहिल्यानगरला कॅव्हलरी टँक म्युझियम. सुभेदारसाहेब, पोरगी आणि मी, सकाळच्या एसटीने. मला तिथे फक्त रिव्हेट बघायचे होते. आमच्या कामगारांच्या भाषेत रिबिट. जुन्या गाड्यांवर डोकं केवढं, दोन डोक्यांत अंतर किती, कडेपासून किती आत. हात लावायचा नव्हता, म्हणून बोटांनी हवेतच अंतर धरून वहीत उतरवत होतो. रोल्स रॉइसची जुनी चिलखती मोटार आहे तिथे, तिच्याभोवती तीन चकरा मारल्या. चर्चिल, मॅटिल्डा, पॅटन या रणगाड्यांसमोर लोक फोटो काढत होते, मी मोटारीच्या दाराच्या बिजागरीपाशी.

पोरगी चर्चिलच्या बाजूला उभी राहिली आणि मान वर करून म्हणाली, "बाबा, आपली गाडी याच्यापुढे म्हणजे रिक्षा." बरोबर आहे. हे सगळं लोखंड बघून आल्यावर पाच फुटी उघडा डबा डोळ्यांसमोर आणायचा, म्हणजे त्यात बसणाऱ्याला काय वाटत असेल ते थोडं कळतं.

परतीच्या गाडीत सुभेदारसाहेब झोपले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "टँकवाल्याला टँक वाचवतो. कॅरिअरवाल्याला ड्रायव्हर वाचवतो."

२९ डिसेंबर

पट्ट्याचा तोडगा सापडला, आणि तो इतका साधा की स्वतःचीच लाज वाटली. दुव्याचं भोक १.० वरून १.२ केलं. पिन तीच. दोन दशांशांची ढिलाई प्रत्येक सांध्यात. एका सांध्यात ती जाणवतसुद्धा नाही, पण चाळीस सांधे ओळीने आले की पट्टा मधोमध बोटभर बाजूला सरकतो. सगळे दुवे एकेक करून हातड्रिलमध्ये धरले. दोन संध्याकाळी गेल्या. आयुष्यभर पोरांना ओरडत आलो, "भोक ढिलं केलंस." आता मीच मुद्दाम ढिली भोकं पाडतोय. शॉपमधल्या पोरांना हे कळू देणार नाही.

५ जानेवारी २०२५

चाकं. प्रत्येक बाजूला तीन : पुढे दोघांची जोडी, मागे एक सुटं. लेथवर ॲल्युमिनियमची काढली, वर रबरी ओ-रिंग. स्प्रिंगा रविवार पेठेत बोहरी आळीत मिळाल्या. सहा चाकं, दोन दातेरी, दोन पुढची आयडलर, म्हणजे पट्ट्याबरोबर नुसती फिरणारी. एका दिवसात सगळं फिरायला लागलं. इथे लिहिण्यासारखं काही नाही, सुरळीत झालं.

१२ जानेवारी

आजची नोंद लांबणार.

पट्ट्याच्या साध्या गाडीत ड्रायव्हरपुढे दोन दांडे असतात. डावा ओढला की डावा पट्टा थांबतो, उजवा चालू राहतो, गाडी गचकन डावीकडे. बुलडोझर चालवणाऱ्याला विचारा. प्रत्येक वळणाला हिसका, ताकद वाया, रस्ता खरवडलेला.

कॅरिअरमध्ये ड्रायव्हरपुढे चक्क मोटारीसारखं गोल स्टिअरिंग आहे. ते थोडंसं फिरवलं तर कुठलाही पट्टा थांबत नाही. पुढच्या चाकांच्या दोन्ही जोड्या एका आडव्या नळीच्या टोकांना बसवलेल्या आहेत. गाडीच्या या कुशीतून त्या कुशीत जाणारी ती नळीच बाजूला सरकते. चाकं सरकतात, त्यांच्याखालचा पट्टा धनुष्यासारखा वाकतो, आणि गाडी त्या बाकावरून आपसूक वळत जाते. हिसका नाही, ब्रेक नाही. स्टिअरिंग आणखी फिरवलं, की मग त्या बाजूचा ब्रेक लागतो आणि गाडी झटक्यात वळते. एकाच चाकाला दोन कामं, एकामागून एक. ज्याने आयुष्यात फक्त फोर्डचा ट्रक चालवला, त्यालाही हे चाक नवखं वाटणार नाही.

हे मॉडेलमध्ये कसं आणायचं? माझ्याकडे एक सर्व्हो मोटर (सांगू तेवढाच हात फिरवणारी), तपकीर गल्लीतून आणलेली. तिने आधी नळी सरकवायची, नळी टोकाला पोचली की मगच ब्रेक ओढायचा. पोरगी म्हणाली दोन सर्व्हो लावा, प्रोग्रॅम मी लिहिते. मी नाही म्हटलं. १९३० च्या दशकात प्रोग्रॅम कुणी लिहिला होता?

शेवटी युक्ती केली. ब्रेकच्या दोन्ही पट्ट्यांना (जुन्या कमरपट्ट्याचं चामडं, बेस्ट) ओढणाऱ्या तारेच्या टोकाला पट्टी लावली आणि पट्टीत गोल भोकाऐवजी लांबट खाच पाडली, ११ मिलिमीटरची. सर्व्होच्या हाताची पिन त्या खाचेत मोकळी सरकते. तेवढ्या वेळात नळी सरकून घेते. खाच संपली की पिन टोकाला अडते आणि मग तार ओढली जाते. नळीच्या सांध्यात छोटी स्प्रिंग दिली, म्हणजे नळी टोकाला टेकल्यावर सर्व्हो अडकून जळू नये.

कानशीने खाच गुळगुळीत करत होतो, साडेदहा वाजले असतील. टेबलावर गाडी उलटी. बोटाने सर्व्होचा हात ढकलला. नळी सरकली, दोन्ही पट्टे एकदम बाकदार झाले. आणखी ढकलला, "टिक", खाच संपली, डावा ब्रेक आवळला. सोडला, सगळं सरळ. पुन्हा केलं. किती वेळा केलं देव जाणे. बायको पाणी प्यायला उठली, दारात उभी राहून बघत होती. मी तिला दाखवलं. तिने स्वतः ढकलून पाहिलं. म्हणाली, "मासा वळतो तसं वळतंय."

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ. काम नाही. सुभेदारसाहेबांना खाली बोलावून नळी दाखवली. त्यांनी चष्मा काढून बघितली आणि म्हणाले, "पण यात चिखल बसला तर?" फौजेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा हा पहिला प्रश्न.

१९ जानेवारी

आत्येभाऊ आला होता. गाडी बघितली आणि विचारलं, "छत कधी बसवणार?" बसवणार नाही. छत नव्हतंच.

मलाही सुरुवातीला हा कंजूषपणा वाटला होता. मग या गाडीचं काम काय होतं ते नीट वाचलं. पायदळाच्या पलटणीजवळची ही गाडी. ब्रेन गनवाल्या तीन-चार जवानांना गोळीबाराच्या टप्प्यातून पलीकडे न्यायचं, तिथे टप्पकन उतरवायचं, लढायचं ते जमिनीवर. उतरायला दार नाही, काठावरून उडी. छत असतं तर उतरणंच झालं नसतं. युद्ध पुढे सरकलं तसं एका बटालियनच्या कॅरिअर प्लॅटूनमध्ये तेरा कॅरिअर असत. कुणी तीन इंची मॉर्टर आणि तिचे गोळे वाहायचा, कुणी तोफखान्याच्या निरीक्षकाला वायरलेससकट पुढे न्यायचा, कुणी तोफ ओढायचा. जाताना दारूगोळा आणि पाणी, येताना जखमी. खेचरं जी कामं करत तीच, फक्त खेचराला चिलखत नसतं.

गडबड व्हायची ती रणगाडा हाताशी नसला आणि कुणाला तरी वाटलं की हाही चिलखतीच आहे, चालवून घेऊ. न्यू गिनीत बुनाला ५ डिसेंबर १९४२ रोजी तेच झालं. जपान्यांनी नारळाच्या ओंडक्यांचे बंकर करून ठेवले होते. रणगाडे पोचले नव्हते. अमेरिकन पायदळाच्या मदतीला ऑस्ट्रेलियनांचे पाच कॅरिअर समोरून घुसवले. झाडांवर बसलेल्या नेमबाजांनी वरून गोळ्या घातल्या, बाजूने हातबॉम्ब आत पडले. अर्ध्या तासाच्या आत पाचही निकामी. चालवणाऱ्यांची काही चूक नव्हती. डब्याला झाकण नाही हे वरून बघणाऱ्याला सगळ्यात आधी दिसतं.

आत्येभावाला एवढं सगळं सांगितलं नाही. "ओपन टॉप मॉडेल आहे," म्हटलं.

३१ जानेवारी

आजच्या तारखेला गाडी अंगणात चालवायची, असं नोव्हेंबरमध्ये सुभेदारसाहेबांना बोललो होतो. झाली नाही. डिफरन्शिअल (रिमोटच्या खेळण्यातल्या गाडीचं) मागच्या आसात बसत नाही, दीड मिलिमीटर जास्त आहे.

तारखेचं कारण असं. १९४१ मध्ये ३१ जानेवारीपासून चार दिवस सेकंड लेफ्टनंट भगत सुदानच्या सीमेवरच्या मेटेम्मापासून गोंदरकडे जाणाऱ्या रस्त्यावर होते. वय बावीस. इटालियन माघार घेत होते आणि जाताना मागे सुरुंग पेरत होते. भगत यांच्या सॅपर तुकडीने सगळ्यांच्या पुढे, कॅरिअरमध्ये बसून जायचं आणि रस्ता मोकळा करायचा. चार दिवसांत ५५ मैल, १५ सुरुंगक्षेत्रं. दोन वेळा त्यांचा कॅरिअर सुरुंगावर उडाला, बरोबरची माणसं गेली, जखमी झाली. तिसऱ्या वेळी दबा धरून बसलेल्यांनी जवळून गोळीबार केला. स्फोटाने एका कानाचा पडदा फाटला. विश्रांतीसाठी बदली देऊ केली, तेव्हा त्यांनी नकार दिला : या कामाची सवय आता मलाच जास्त झाली आहे, मीच पुरं करतो. त्या युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले ते पहिले भारतीय अधिकारी.

आज गाडी टेबलावर उलटी आहे, म्हणून तिचा तळ समोर आहे. सपाट. एका ताटासारखा सपाट, जमिनीपासून हातभरही उंच नाही. नव्या सुरुंगरोधक गाड्यांचा तळ होडीसारखा निमुळता करतात, स्फोट दोन्हीकडे फाकावा म्हणून.  इथे सुरुंगाचा सगळा दणका सरळ बुडाखाली. पहिला कॅरिअर उडाल्यावर माणूस दुसऱ्यात चढला, आणि तो उडाल्यावर पुढच्यात. गोष्ट ऐकताना मी हे दरवेळी ऐकलं होतं. तळाला बोट टेकवून आज पहिल्यांदा विचार केला.

९ फेब्रुवारी

तळाचा विचार तेव्हाच्या माणसांनीही केला होता. कॅरिअरमध्ये पायाखाली वाळूच्या पिशव्या पसरून बसायचे. आईला सांगितलं, दहा सेंटिमीटर बाय पाच, बारा पिशव्या हव्यात. तिने वडिलांचा जुना खाकी पायजमा काढला. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, तो अजून कपाटात होता हे मला माहीत नव्हतं. "याचं आता काय करायचं," म्हणाली आणि कात्री लावली. दुपारभर मशीनवर बसून बारा पिशव्या शिवल्या, एकेकीचं तोंड हाताने टाचलं. बांधकामावरची वाळू चाळून भरली. एकेक दीडशे ग्रॅम. बाराही आत टाकल्यावर काटा १६ किलो ९०० वर.

डिफरन्शिअल बसलं. आसच पुन्हा टर्न केला.

१६ फेब्रुवारी

धूर. मोटारीच्या वायपरची जुनी मोटर लावली होती. पार्किंगमध्ये पहिली चाचणी, तीन मीटर गेली, उजव्या दातेरी चाकात खडा अडकला, पट्टा जाम, मोटर थांबेना, कंट्रोलर जळाला. मोटर वाचली. आता फ्यूज लावतो. पॅनल करणारा माणूस आणि फ्यूज विसरला. हेही शॉपमध्ये सांगायचं नाही.

पट्ट्यांचा वैताग आला की भारताने काय केलं ते आठवतं. युद्धकाळात इथे पट्ट्याची गाडी घडवण्याची सोय नव्हती, म्हणून चाकांचा कॅरिअर केला. फोर्डची चॅसी कॅनडातून, चिलखती पोलाद जमशेदपूरच्या टाटांचं, आणि त्याचे डबे रेल्वेच्या कारखान्यांत. इंडियन पॅटर्न म्हणत, बोलताना नुसतं टाटानगर. १९४० ते ४४ मध्ये ४,६५५ झाले. आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश सगळीकडे गेले. चार टायर, खडा अडकायचा प्रश्नच नाही. पुढचं मॉडेल तेच करावं का?

अमेरिकेत फोर्डने टी-१६ म्हणून याच कॅरिअरची सुधारित आवृत्ती काढली. रिव्हेटऐवजी वेल्डिंग, बाजूला तीनऐवजी चार चाकं, आणि सरकणारी नळी काढून सरळ दांडे. कारखान्याला सोपं पडलं असेल. मला आवडलं नाही.

१९ फेब्रुवारी, शिवजयंती

चौकात ढोल. सुभेदारसाहेब भगवा फेटा बांधून खाली आले. त्यांना वास्पबद्दल सांगितलं. कॅरिअरमध्ये इंधनाच्या टाक्या बसवून आग ओकणारी नळी लावली की झाला वास्प. मारा शंभरेक यार्डांचा. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी इटलीत सेनिओ नदीच्या बांधांवर वास्प आणि आग ओकणारे चर्चिल क्रोकोडाइल रणगाडे यांनी आगीचे लोळ सोडले आणि त्यामागून आठवी इंडियन डिव्हिजन नदीत उतरली. त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती, आणि तिच्यात आपल्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव. त्यांनी दोन जखमींना नदी आणि सुरुंगांतून परत आणलं, मग एकट्याने मशीनगनच्या चौक्या उडवल्या, आणि शेवटी बांधाच्या माथ्यावर चढून शिवाजी महाराजांच्या नावाची गर्जना करत बाकीच्यांना अलीकडून बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस.

साहेबांना जाधव माहीत होते, वास्प माहीत नव्हता. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे डब्यात पेट्रोल भरून, त्यात माणूस बसवून, पुढे पाठवला." ढोल चालूच होते.

२ मार्च

सकाळी सहा. बिल्डिंगच्या मागे पाण्याची टाकी गळते, तिथे कायम ओली माती असते. तीच जागा निवडली, साहेबांच्या चिखलाच्या प्रश्नासाठी. फ्यूज आहे. बॅटरी धरून वजन १७ किलो ४००. रंग नाही, उघडा पत्रा.

पोरीच्या हातात रिमोट. सरळ चालली, चालण्याच्या निम्म्या वेगाने, वायपरच्या मोटरचा तोच ओळखीचा रडका आवाज. मग तिने हलकंच डावीकडे दिलं. पट्टे बाकले. गाडी न अडखळता, न खरवडता, मोठ्या गोलात वळली. आणखी दिलं तर "टिक", ब्रेक लागला, जागच्या जागी फिरली आणि चिखल उडाला. आत्ता नळीच्या तोंडाशी चिखल बसला होता, साहेबांनी वाकून बोटाने काढला आणि मला दाखवला. "बघ."

मातीत दोन प्रकारच्या खुणा उमटल्या होत्या. मोठ्या वळणाच्या दोन रेघा स्वच्छ, दुव्यान् दुवा मोजता येईल अशा. छोट्या वळणापाशी सगळी माती नांगरलेली. साहेबांनी उकिडवं बसून स्वच्छ रेघेवर बोट फिरवलं. रिमोट मागितला. पोरीने दिला. त्यांनी गाडी सरळ केली आणि तीनेक मीटर पुढे नेऊन थांबवली. उठले, गाडीच्या पुढची माती पायाने चाचपली, एक विटेचा तुकडा उचलून बाजूला ठेवला, मग पुन्हा रिमोट घेतला.

राहिलेली कामं : नळीच्या तोंडाला चिखल अडवणारा चामड्याचा गेटर. डावा मडगार्ड. ब्रेनचं मॅगझिन वाकडं झालंय, बदलणे. रंग वाळूचा. आई म्हणते पायजम्याचा एक पाय अजून शिल्लक आहे, पिशव्या हव्यात का विचार.